चांगी विमानतळ ते क्रूझ टर्मिनल: मुलांना घेऊन, मधल्या सहा तासांसकट

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: विमानतळापासून बंदर किती लांब? फार नाही. साधारण २० किलोमीटर, टॅक्सीने पंचवीस-तीस मिनिटं. अंधेरीहून दादरला जायला एखाद्या पावसाळी संध्याकाळी याहून जास्त वेळ लागतो. हे ऐकून आई-बाबा निर्धास्त होतात आणि उरलेली सगळी तयारी जहाजावरच्या कपड्यांची करतात.

पुढे काय होतं ते ऐका. मुंबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी सात-साडेसातला चांगीवर टेकतं. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे मुलांच्या लेखी तेव्हा पहाटेचे साडेचार-पाच वाजलेले असतात. जहाज मात्र बारा-एकच्या आधी सहसा कोणाला आत घेत नाही. मधले पाच-सहा तास चार बॅगा, एक बाबागाडी, अर्धवट झोपेतलं एक मूल आणि टक्क जागं झालेलं दुसरं, एवढा संसार घेऊन काढायचे असतात. पुण्या-नाशिकहून निघालेल्यांची मुलं तर आदल्या दुपारपासून प्रवासात असतात. तेव्हा गाडी कोणती करायची हे नंतर बघू. हे सहा तास कुठे आणि कसे जाणार, ते आधी ठरवा. ते ठरलं की गाडीचा प्रश्न अर्धा सुटतो.

विमान निवडतानाच

शक्य असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. हा सल्ला सगळेच देतात, पण अर्धवट देतात. आदल्या दिवशी सकाळी पोहोचलात तर फार काही साधत नाही, कारण हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. म्हणजे तेच सहा तास, फक्त आता हॉटेलच्या लॉबीत, आणि वर एका रात्रीचं भाडं. त्याऐवजी मुंबईहून दिवसा निघून संध्याकाळी किंवा रात्री पोहोचणारं विमान बघा. उड्डाण साडेपाच तासांच्या आसपासचं. मुलं जागेपणी विमानात बसतात, रात्री पलंगावर झोपतात, सकाळी नाश्ता करून अकराला टॅक्सीत. रात्रीच्या विमानाने हॉटेलचा एक दिवस वाचतो हा हिशेब मोठ्यांपुरता ठीक आहे. लहान मुलांच्या बाबतीत तो वाचलेला पैसा पहिल्या दिवशीच्या रडारडीत वसूल होतो.

आदल्या दिवशी जाण्याचं दुसरं कारण सरळ आहे. विमानाला चार तास उशीर झाला तर पुढचं विमान असतं. जहाज मात्र सुटायच्या तास-दीड तास आधीच चेक-इन बंद करतं आणि वेळेवर निघतं. कॅप्टनला फोन लावून ‘अहो, दहा मिनिटं थांबा’ म्हणायची सोय नाही. विमान आणि क्रूझ वेगवेगळं बुक केलं असेल तर झालेलं नुकसान तुमचंच.

सिंगापूरचं त्यातल्या त्यात बरं आहे, अंतर कमी. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळापासून क्रूझचं बंदर चिवितावेक्किया साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. लंडनच्या हीथ्रोहून साउदम्प्टन त्याहूनही लांब, शंभर किलोमीटरच्या पुढे. तिथे मुलांना घेऊन त्याच दिवशी उतरून जहाज गाठायचा विचारसुद्धा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सिंगापूरला ते जमतं, पण त्याची आखणी करावी लागते.

मुक्काम करणार असाल तर हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं, हे जहाज कुठल्या टर्मिनलवरून सुटतं त्यावर ठरवा. आणि इथेच पहिला घोळ होतो.

दोन टर्मिनल, चार ‘मरीना’

सिंगापूरला क्रूझची टर्मिनल दोन. एक हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर, व्हिवोसिटी मॉलला लागून. दुसरं २०१२ साली सुरू झालेलं मरीना बे क्रूझ सेंटर. दुसरं बांधावं लागलं याला एक गमतीशीर कारणही आहे: हार्बरफ्रंटहून सेंटोसा बेटावर जाणाऱ्या केबल कारच्या तारा पाण्यावरून जातात, त्यामुळे ५२ मीटरपेक्षा उंच जहाज त्यांच्याखालून जाऊ शकत नाही. आताची मोठी जहाजं याहून उंच असतात, ती मरीना बेला लागतात. तरी जहाजाच्या आकारावरून किंवा कोणी ओळखीचे गेल्या वर्षी कुठून गेले त्यावरून अंदाज बांधू नका. तुमच्या क्रूझच्या कागदावर टर्मिनलचं नाव छापलेलं असतं, ते वाचा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘मरीना बे’ सांगणं म्हणजे स्वारगेटला उभं राहून ‘पेठेत सोडा’ म्हणण्यासारखं आहे. मरीना बे सँड्स हे हॉटेल, मरीना बे हे मेट्रो स्टेशन, मरीना साउथ पिअर ही जवळच्या बेटांवर जाणाऱ्या बोटींची जेटी आणि मरीना बे क्रूझ सेंटर हे आपलं टर्मिनल. चारही वेगळ्या जागा. शेवटच्या दोन एकमेकींपासून चालत दहा मिनिटांवर आहेत, पण ती दहा मिनिटं चार बॅगांनिशी चालून बघा! टर्मिनलचा पत्ता ६१, मरीना कोस्टल ड्राइव्ह. ॲपमध्ये गाडी बोलावताना हाच टाका. आणखी एक नाव चकवतं: तानाह मेराह फेरी टर्मिनल. ते विमानतळाच्या जवळ आहे, नकाशावर ‘टर्मिनल’ शोधलं की पटकन वर येतं, पण तिथून बिंतान-बाताम बेटांच्या फेऱ्या सुटतात. क्रूझशी त्याचा संबंध नाही.

जहाज हार्बरफ्रंटहून असेल तर लिटल इंडियातला मुक्काम सोयीचा. शाकाहारी जेवण हाताशी आणि तिथून हार्बरफ्रंटला नॉर्थ ईस्ट लाइनची मेट्रो थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. मरीना बेहून असेल तर चायनाटाउन, तान्जोंग पगार या भागातली हॉटेलं जवळ पडतात. सकाळी टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत टर्मिनल.

गाडी: टॅक्सी, ॲप की मेट्रो

मुलं असली की हा प्रश्न भाड्याचा राहत नाही, चाइल्ड सीटचा होतो. सिंगापूरमध्ये १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रवाशाला गाडीत त्याच्या मापाची चाइल्ड सीट किंवा बूस्टर असणं कायद्याने बंधनकारक आहे. साध्या टॅक्सीला यातून सूट आहे. ग्रॅबसारख्या ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाड्यांना ती नाही. मुंबईत ॲपची गाडी बोलावून मांडीवर मूल घेऊन बसायची आपली सवय तिथे चालत नाही. ड्रायव्हर नाही म्हणतो, आणि दंड त्यालाच भरावा लागणार असल्याने तो हुज्जत घातली तरी ऐकत नाही. ग्रॅबमध्ये चाइल्ड सीट असलेली गाडी मागवायचा वेगळा पर्याय असतो. भाडं थोडं जास्त, गाड्या कमी, म्हणून थांबावं लागतं. गाडीत सीट सहसा एकच असते हेही लक्षात ठेवा. दोन लहान मुलं असतील तर विमानतळावरून थेट टर्मिनलपर्यंतची खासगी गाडी आधी ठरवून, मुलांची वयं आणि वजनं कळवून, दोन सीट मागून घ्या. पैसे जास्त पडतात, पण या एका ठिकाणी मी काटकसर करायला सांगणार नाही.

टॅक्सी रांगेत मिळते, मीटरने जाते आणि चांगीवर रांग भराभर पुढे सरकते. रांगेच्या तोंडाशी एक कर्मचारी उभा असतो, किती माणसं आणि किती बॅगा ते डोळ्यांनीच मोजतो आणि हाताने खूण करून गाडी दाखवतो. साध्या टॅक्सीत चार जण. कडेवरचं बाळही मोजणीत धरा. आजी-आजोबा बरोबर असतील तर मोठी गाडी लागेल. ती रांगेत हमखास मिळेल असं नाही, म्हणून आगमन दालनातल्या वाहतुकीच्या काउंटरवर मागा. मीटरवर काय काय चढतं ते आधी माहीत असलं म्हणजे शेवटी वाद होत नाही. विमानतळाचा अधिभार वेगळा. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते साडेनऊ या वेळात मीटरच्या पंचवीस टक्के जास्त. मध्यरात्र ते पहाटे सहा पन्नास टक्के जास्त. शिवाय वाटेतला टोल. एकूण पंचवीस ते चाळीस सिंगापूर डॉलरांच्या घरात जातं. साडेनऊनंतर निघालात तर तो पंचवीस टक्क्यांचा भार टळतो, आणि आपल्याला तसंही दहा-साडेदहाच्या आधी निघायचं नाहीये.

टॅक्सीला कायद्याने सूट आहे म्हणून मूल सुरक्षित होत नाही. मुलाला मागच्या सीटवरच बसवा. बसू शकणाऱ्या मुलाला स्वतःचा बेल्ट लावा, पट्टा मानेवर येत असेल तर खाली बूस्टर हवा; हवा भरून फुगवायचे घडीचे बूस्टर मिळतात, ते केबिन बॅगेत मावतात. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन स्वतःचा बेल्ट दोघांवरून ओढून लावणं ही सगळ्यात वाईट पद्धत. गाडीने करकचून ब्रेक मारला तर तुमचं सगळं वजन त्या पट्ट्यासकट बाळावर येतं. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर घरची उलट्या तोंडाची सीट विमानाने न्या (बहुतेक विमान कंपन्या बाळाच्या सीटचं वेगळं भाडं घेत नाहीत, पण आपल्या कंपनीला विचारा) किंवा सीट असलेली गाडी ठरवा.

वाटेत मुलांना सांगण्यासारखं एक आहे. चांगीहून ईस्ट कोस्ट पार्कवेच्या झाडांच्या रांगांमधून निघालेली टॅक्सी मरीना बेकडे जाताना बहुधा मरीना कोस्टल एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात शिरते, आणि त्या बोगद्याचा एक तुकडा समुद्राच्या तळाखालून जातो. ‘आधी समुद्राखालून, मग समुद्रावरून’ एवढं सांगितलं की चार-पाच वर्षांचं पोर दहा मिनिटं तरी खिडकीला नाक लावून बसतं.

मेट्रो स्वस्त, स्वच्छ आणि प्रत्येक स्टेशनला लिफ्ट. ९० सेंटीमीटरपर्यंतच्या मुलाला भाडं नाही. आपलं संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड फाटकाला टेकवून जाता येतं. मात्र प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं आणि निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून ठेवावे लागतात. आता मार्ग. स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. तिथून तानाह मेराहला गाडी बदला, सिटी हॉलला पुन्हा बदला, मरीना साउथ पिअरला उतरा आणि मग छताखालच्या वाटेने चाला. एकूण तासभर. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही तिथल्या नोकरदारांची वेळ, डब्यात बाबागाडी उघडी ठेवायलाही जागा होत नाही. शिवाय मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, अगदी पाण्याचा घोटसुद्धा, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत. भुकेजलेलं दोन वर्षांचं मूल आणि बंद खाऊचा डबा, हा प्रयोग करू नये. सामान घेऊन जहाजाच्या दिवशी मेट्रो नकोच. आदल्या संध्याकाळी, पाठीवरची एक पिशवी घेऊन शहरात फिरायला मात्र तिच्यासारखी सोय नाही.

ते मधले तास

सकाळीच उतरायचं ठरलंय, हॉटेल नाही, जहाज दुपारी. अशा वेळी टूर कंपन्या हमखास एक गोष्ट करतात: विमानतळावरूनच बसमध्ये बसवून ‘सिटी टूर’. मर्लायनपाशी फोटो, एका दुकानाशी थांबा, जेवण आणि मग जहाज. कागदावर दिवस भरगच्च दिसतो. रात्रभर न झोपलेल्या मुलाला मात्र तो सिंह-मासा दिसत नाही. ते बसमध्ये झोपतं, प्रत्येक थांब्यावर उठवलं जातं आणि नेमकं जहाजाच्या रांगेत उभं असताना भोकाड पसरतं. ग्रुपबरोबर जात असाल तर बुकिंग करतानाच विचारा की सिटी टूर सोडून आम्ही थेट टर्मिनलवर आलो तर चालेल का. परतीच्या दिवशी शहर बघता येतं, तेव्हा मुलंही ताजी असतात.

माझ्या मते विमानतळावरच थांबावं. चांगी हे जगातल्या मोजक्या विमानतळांपैकी आहे जिथे लहान मुलांसह पाच तास काढणं शिक्षा वाटत नाही. विमानातून उतरल्यावर घाई करू नका. इमिग्रेशनच्या आधीच मुलांना स्वच्छतागृहात न्या, तोंड धुवा, कपडे बदला. बाळासाठी वेगळ्या खोल्या आहेत, तिथे बदलायचं टेबल आणि गरम पाण्याची सोय असते. घरून नेलेलं नाचणीसत्त्व किंवा झटपट उपम्याचं पाकीट इथे उपयोगी पडतं. अनोळखी ठिकाणी पहिलं खाणं ओळखीच्या चवीचं असलं की निम्मी किरकिर थांबते. इमिग्रेशनला मोठ्यांसाठी आपोआप उघडणाऱ्या फाटकांच्या रांगा असतात, त्या सहा वर्षांच्या आतल्या मुलांना चालत नाहीत. रांगेत उभं राहण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून माणूस बसलेल्या काउंटरकडे जा.

बॅगा घेतल्यावर ज्युएलमध्ये. २०१९ साली उघडलेली ही काचेची वास्तू टर्मिनल १ ला चिकटून आहे. २ आणि ३ वरून पुलांनी चालत येता येतं, ४ वरून आधी बस घ्यावी लागते. मधोमध छतातून ४० मीटर खाली पडणारं पाणी आणि भोवती चार मजली झाडी. मात्र हा धबधबा सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुरू होतो, आठ वाजता तिथे नेऊन ‘पाणी कुठंय?’ ऐकायची वेळ आणू नका. त्याआधीचे दोन-तीन तास झोपेचे. ज्युएलमध्येच योटेलएअर हे तासांवर खोली देणारं हॉटेल आहे, किमान चार तासांसाठी. आठ ते बारा घेतलं तर आंघोळ, झोप, धबधबा, मग टॅक्सी, असा बेत बसतो. खोल्या लहान आहेत, आरक्षण आधी करा आणि मुलं किती ते सांगा. इथे एक सापळा आहे. चांगीवर इमिग्रेशनच्या आतल्या बाजूलाही अशी हॉटेलं आहेत, ती ट्रान्झिटमधल्या प्रवाशांसाठी. तिथे खोली घेतलीत तर तुम्ही आत झोपलेले आणि तुमच्या बॅगा बाहेर पट्ट्यावर गोल गोल फिरतायत. बुकिंगच्या पानावर ‘पब्लिक एरिया’ लिहिलंय की ‘ट्रान्झिट एरिया’, तेवढं डोळ्यांत तेल घालून बघा.

हॉटेल परवडत नसेल तर बॅगा विमानतळावरच्या सामान ठेवण्याच्या काउंटरवर द्या, बाबागाडीची पाठ पूर्ण मागे पाडा आणि बाळाला एखाद्या शांत कोपऱ्यात झोपू द्या. मोठ्यांपैकी एकाने बसायचं, एकाने थोरल्याला फिरवायचं, तासाने पाळी बदलायची. आजोबांना बॅगांशी बसवून सगळ्यांनी निघून जायचं हा आपला जुना बेत मात्र इथे नको; तेही रात्रभर जागेच आहेत.

जहाज हार्बरफ्रंटचं असेल तर एक वेगळी सोय आहे. शेजारच्या व्हिवोसिटीत मुलांना खेळायची उघडी जागा आहे आणि गच्चीवर घोट्याएवढ्या पाण्याचं तळं. मॉल उघडण्याच्या सुमारास, दहाला, तिथे पोहोचलात तर दोन तास सहज जातात. जास्तीचा एक कपड्यांचा जोड वरच ठेवा. मरीना बेला असं काही नाही. टर्मिनलची इमारत मोठी, पण आसपास दुकानं-उपाहारगृहं जवळजवळ नाहीत आणि बाहेर ऊन. तिथे लवकर जाऊन बसण्यात काहीच अर्थ नाही.

कागद

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि क्रूझसाठी तो एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, कारण जहाज पिनांग किंवा फुकेतला जाऊन परत येतं तेव्हा तुम्ही सिंगापूरमध्ये नव्याने शिरत असता. वाटेतल्या देशांचे नियम बदलत असतात, ते निघायच्या आठवड्यात क्रूझ कंपनीकडून तपासून घ्या. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते प्रत्येकाचं वेगळं, तान्ह्या बाळाचंही, आणि फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खोटं समजा. क्रूझहून परतताना ते पुन्हा भरावं लागतं. जहाजावरचं इंटरनेट महाग असतं, म्हणून शेवटच्या बंदरावर उतरलात की मोबाइलवर उरकून टाका.

बाळ लहान असेल तर बुकिंगच्या आधीच वयाची अट बघा. बऱ्याच जहाजांवर निघायच्या दिवशी बाळ किमान सहा महिन्यांचं असावं लागतं, लांबच्या सफरींवर एक वर्षाचं. आई-वडिलांशिवाय आजी-आजोबा किंवा मावशी-काका नातवंडांना, भाचरांना नेत असतील तर आई-वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. काउंटरवर हे नसल्याचं कळलं तर व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चालेलच असं नाही.

मुलांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीनसारखे घटक असलेल्या काही औषधांना तिथे आधी परवानगी लागते, म्हणून खोकल्याच्या बाटलीवर काय लिहिलंय ते डॉक्टरांना दाखवून घ्या. च्युइंगगम घरीच राहू द्या. चकली, लाडू, खाकरे चालतात. मांसाहारी पदार्थ नेऊ नका.

टर्मिनलच्या दारात

ऑनलाइन चेक-इन घरूनच करा आणि मिळेल ती सगळ्यात लवकरची वेळ घ्या, बारा किंवा साडेबारा. त्याचं कारण जेवण. जहाजावर पाय ठेवला की बुफे सुरू असतो, म्हणजे मुलांचं दुपारचं जेवण तिथेच होतं. तीनची वेळ घेतलीत तर जेवण बाहेर, पैसे देऊन, बॅगा सांभाळत.

सामानाला लावायच्या चिठ्ठ्या आधी छापून, घडी घालून, सेलोटेपने गुंडाळून बॅगांच्या दांडीला पक्क्या बांधा; त्यावर खोलीचा नंबर असतो. टॅक्सीतून उतरलात की पोर्टर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या थेट खोलीच्या दाराशी येतात. पण कधी? कधी दोन तासांनी, कधी संध्याकाळी. तोपर्यंत तुमच्याकडे फक्त हातातली पिशवी. तिच्यात सगळ्यांचे पासपोर्ट, औषधं, डायपर, दुधाची बाटली, एक जोड कपडे आणि मुलांचे पोहायचे कपडे. शेवटचं विसरू नका. जहाजावर गेल्यावर मुलांना सगळ्यात आधी पाण्याची घसरगुंडी दिसते, आणि कपडे बॅगेत असतील तर पुढचे तीन तास तुम्हाला समजावत बसावं लागतं. पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेले तर याहून वाईट. आत सुरक्षा तपासणी आणि सिंगापूर सोडण्याचं इमिग्रेशन असतं, तिथे ते लागतातच, आणि तुमची बॅग तोवर शेकडो बॅगांच्या ढिगात गेलेली असते.

बाबागाडी पोर्टरला देऊ नका. चेक-इनची रांग, तपासणी, मग जहाजाला जोडलेला लांब पूल: एवढं अंतर झोपेला आलेलं मूल चालत नाही. घडी होऊन खोलीच्या दारातून आत जाईल अशी अरुंद गाडीच न्या. जहाजाच्या खोल्यांची दारं घरच्यापेक्षा अरुंद असतात.

येताना

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. बॅग बाहेर ठेवण्यापूर्वी सगळ्यांचे सकाळचे कपडे आणि चपला पलंगावर काढून मोजा. नाइटसूट आणि जहाजाच्या चपलांमध्ये इमिग्रेशनच्या रांगेत उभी असलेली कुटुंबं दर सफरीत दिसतात. बॅगा कमी असतील तर स्वतःच ओढत आधी उतरता येतं, पण लहान मुलांबरोबर ते नको. थोडं उशिराचं बोलावणं घ्या आणि पोटभर नाश्ता करा.

जहाज पहाटे सहा-सातला लागतं, तरी उतरून, बॅगा शोधून बाहेर पडेपर्यंत नऊ-दहा होतात. दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नका. संध्याकाळचं मिळालं तर फार उत्तम. मग बॅगा विमानतळावर ठेवून शहर बघायला दिवस मोकळा, मर्लायनचा फोटोही काढून होतो. टर्मिनलबाहेर टॅक्सीची रांग त्या सकाळी लांब असते, कारण हजारो माणसं एकदम उतरतात. चाइल्ड सीटची गाडी ठरवायची असेल तर ती जातानाच्या गाडीबरोबरच, दोन्ही फेऱ्यांची एकदम ठरवा, आणि त्यांना जहाज लागण्याची नव्हे, तुम्ही दाराशी उभे राहाल ती वेळ द्या.